गावात चिकन-मटणाचं दुकान टाकायचंय, ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला पुरतो का?

नाही पुरत. तुम्ही लिहिलंय की मुंबईची नोकरी सोडून गुहागरकडे गावी दुकान काढताय आणि पंचायतीचा दाखला हातात आहे, तर ती फक्त सुरुवात समजा. आमचं दापोली तालुक्यात मटणाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं, त्यामुळे अनुभवाचं सांगतो.

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावीच लागते, अर्ज ऑनलाइन होतो. दिवसाला 2 मोठी जनावरं, 10 शेळ्या-बोकड किंवा 50 कोंबड्या एवढ्याच्या आतलं काम असेल तर साधी नोंदणी, त्याच्या वर गेलात की लायसन. दुकानात बोकड कापायचा नाही, कापायची जागा वेगळीच हवी. आमच्याकडे जवळपास कत्तलखाना नाही म्हणून आम्ही मागे लांब वेगळी शेड बांधली, पक्की फरशी, उताराचं गटार, त्याला जाळी आणि खाली शोषखड्डा, कारण आधी रक्त सरळ व्हाळात जायचं आणि त्याच व्हाळावर खालच्या वाडीतल्या बायका कपडे धुवायच्या, आजही आठवलं की लाज वाटते. ओंडका टणक लाकडाचा घ्या, रोज रात्री खरवडून मीठ लावा आणि उकळतं पाणी ओता. पाण्याची सोय नसेल तर मेपर्यंत थांबूच नका, बोअर किंवा टाकी आत्ताच करा.

आता जनावराचं. 2001 चे कत्तलखाना नियम दिवसाला 10 किंवा जास्त जनावरं कापणाऱ्या जागेला लागतात, म्हणून छोटे दुकानदार म्हणतात आपल्याला काय त्याचं. पण 1960 चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा सगळ्यांना लागतो, कोंबड्या पाय बांधून मोटरसायकलला उलट्या लटकवून आणणं हासुद्धा छळच आहे. आणि ते 2001 चे नियम तुम्ही आपणहून पाळाच असं माझं ठाम मत आहे: एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, गाभण शेळी नाही, जिचं पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं आहे ती नाही, तीन महिन्यांपेक्षा लहान करडू नाही, आणि डॉक्टरने जिवंतपणी तपासून दाखला दिल्याशिवाय सुरी नाही.

हे मी का सांगतोय, तर मी नववीत असताना आखाडात गर्दी होती म्हणून बाबांनी घाटावरून आलेली एक शेळी न तपासता घेतली, व्यापारी म्हणाला भाकड आहे. पोट उघडलं तर आत दोन पिल्लं, अंगावर केस आलेले. बाबांनी सुरी तिथेच खाली ठेवली, गिऱ्हाईकांना परत पाठवलं, दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून डॉक्टरने पोटाला हात लावून बघितल्याशिवाय आमच्या शेडमध्ये एकही शेळी आत येत नाही.

तेव्हा सामान घ्यायच्या आधी तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटा, ते कुठल्या वारी आणि किती वाजता तपासून देतील ते विचारा आणि दुकानाचे वार त्यावरूनच ठरवा.