सर ‘बघतो’ म्हणतात आणि बघतच नाहीत

प्रश्न : ताई, मी लातूरची, पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. दुसरं प्रकरण, ७८ पानं, दिवाळीआधी सरांना मेल केलं, आता फेब्रुवारी लागला. भेटले की ‘बघतो गं’ म्हणतात आणि वर त्यांच्या सेमिनारची प्रुफं तपासायला देतात. सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण विचारायची भीती वाटते. गाईड बदलू का?

उत्तर : गाईडचं नंतर बघू, आधी सांग, ७८ पानं पाठवून खाली काय लिहिलंस? ‘सर, कृपया पाहावे’, हो ना? अगं प्रोफेसरला नियमाने एका वेळी ८ पीएचडीवाले घेता येतात, शिवाय लेक्चर्स, पेपर तपासणी, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायली, म्हणजे तुझी पानं उघडायला त्यांना अख्खी सुट्टी लागणार आणि ती सुट्टी काही येत नाही. (मीपण हेच केलेलं, चार महिने रुसून बसले, सरांना पत्ताच नाही.)

तू अडकलीयेस तेवढीच पाच-सहा पानं काढ, प्रिंट दे, आणि एकच प्रश्न विचार, ‘सर, मुलाखती ५० ऐवजी ३० घेऊ का? चालत असेल तर सोमवारपासून लिहायला घेते.’ याला हो-नाही म्हणायला दोन मिनिटं लागतात. भेट झाली की तिथेच कॅन्टीनला बसून चार ओळींचा मेल टाक, काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. उद्या ‘हे मी कधी म्हणालो?’ झालं की तोच मेल कामाला येतो.

प्रुफं एखाद्या वेळी कर, पण म्हण, ‘शनिवारी देते सर, तेव्हाच माझ्या पानांना पंधरा मिनिटं द्याल का?’ जड जातं हे, आधी रूममेटसमोर म्हणून बघ.

आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला रिसर्च अॅडव्हायजरी कमिटीपुढे प्रगती मांडायची असते ना, तिथे रडगाणं नको, फक्त तारखा सांग, प्रकरण कधी दिलं, अभिप्राय कधी आला. ते कागदावर राहतं. दोन सेमिस्टर असंच गेलं तर मग एचओडींशी, म्हणजे विभागप्रमुखांशी, गाईड बदलायचं बोल, पण नवा गाईड बऱ्याचदा विषयही थोडा आपल्याकडे ओढतो, ती तयारी ठेव.