गोळा हातात घेतला की हात कापतात

"मावशी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, वय २१. पोलीस भरतीची दुसऱ्यांदा तयारी करतेय. गावात पहाटे एकटीनं धावणं, गोळा, सगळं चांगलं जातं. पण मागच्या भरतीत चेस्ट नंबर पुकारला अन् हातपायच गळाले. गोळा टाकताना पाय रेषेवर पडला, फाऊल. मैत्रिणीनं मोबाईलवर टॅपिंगचा व्हिडिओ दाखवला. चेहऱ्यावर बोटं मारायची, भीती जाते म्हणे. पूर्ण कोर्स ३ हजारांचा आहे. घेऊ का? बाबा म्हणतात, यंदा नाही झालं तर सोयाबीन निघालं की पाहुणे बोलावू."

पोरी, टॅपिंग खुशाल कर. कोर्स मात्र घेऊ नकोस. त्या पैशात चांगले बूट येतील.

अमेरिकेतल्या गॅरी क्रेग यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत मांडली. अंगातली अडकलेली ऊर्जा ठरावीक बिंदूंवर बोटं मारून मोकळी होते, असं सांगतात. त्याला पुरावा नाही. २००३ च्या एका अभ्यासात काहींनी नेमक्या बिंदूंवर बोटं मारली, काहींनी भलत्याच जागी, काहींनी चक्क बाहुलीवर. तिन्ही गटांची भीती उतरली. बोटं न मारणाऱ्यांची उतरली नाही. मला तर यात तुझ्यासाठी दिलासाच दिसतो. जागा चुकली तरी बिघडत नाही, मग शिकवणी कशाला लावायची?

आधी भीतीला ० ते १० मध्ये गुण दे. मग एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताच्या करंगळीखालच्या कडेवर हलकेच टकटक करत म्हण, "हात कापतोय, तरी मी माझ्या बाजूनं आहे." वाक्य तुझ्या बोलीत असू दे. मग भुवईचं आतलं टोक, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालचं हाड, नाकाखाली, हनुवटी, गळ्याखालचं हाड, काखेखाली आणि शेवटी टाळू. प्रत्येक ठिकाणी पाच-सात वेळा. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव. त्यानं नाडी संथ होते. मग पुन्हा गुण दे. ८ चे ५ झाले तरी पुष्कळ झालं. भीती पार जावी अशी वाट पाहू नकोस, थोडी धडधड धावताना कामाचीच असते.

मैदानावर रांगेत शंभर पोरींसमोर तोंडावर बोटं मारायला तुला लाज वाटेल. तिथं हाताची कड आणि गळ्याखालचं हाड एवढंच कर, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पण खरी मेख पुढं आहे. तू पहाटे एकटी धावतेस, गोळा टाकतेस, तिथं बघायला कुणी नसतं. मग तुझ्या हाताला गर्दीची सवय कुठून लागणार? आठवड्यातून एकदा शाळेच्या मैदानावर मैत्रिणींना बोलव. एकीनं मोठ्यानं नंबर पुकारायचा, दुसरीनं रेषेवर नजर ठेवायची, चार जणींनी मोबाईल रोखून उभं राहायचं. नंबर पुकारायच्या आधी टॅपिंग, मग गोळा. पाय रेषेवर पडला तर फाऊल म्हणजे फाऊल, "जाऊ दे, पुन्हा टाक" नाही. ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. या १५ गुणांसाठी एवढी नाटकं करायला काय हरकत आहे?

एक मात्र टाळू नकोस. धडधड नुसत्या भीतीचीच असते असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजारही बराच आहे, त्याचीही तपासणी करून घे. रक्त कमी असेल तर टॅपिंगनं दम वाढत नाही. रात्र-रात्र झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

राहिले बाबा. नंबर पुकारल्यावर तुझ्या डोक्यात रेषा नसते, पाहुणे असतात, असं मला पत्र वाचताना वाटलं. भरतीची तारीख यायच्या आधी, आईला सोबत घेऊन त्यांच्याशी बोल. आणखी किती वेळ देता, ते स्पष्ट विचारून घे. स्वतःच्या तोंडून निघत नसेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखव.