धावण्याच्या वहीत काय लिहायचं?

प्रश्न : वय ४१. पंधरा दिवसांपासून रोज सकाळी सेमिनरी हिल्सवर ५ किलोमीटर धावतो. हिवाळ्यात १० किलोमीटर पूर्ण करायचे आहेत. वही केली आहे, त्यात अंतर आणि वेळ लिहितो. आता दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात. सिमेंटच्या रस्त्यांमुळे असेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : धावणाऱ्यांच्या गोतावळ्यात मनापासून स्वागत! रस्त्याला दोष देण्याआधी हिशेब पाहा. शून्यावरून तुम्ही थेट आठवड्याला ३५ किलोमीटरवर गेलात. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं मजबूत व्हायला मात्र महिने लागतात. त्यात टेकडीचा उतार. उतरताना प्रत्येक पावलाला शरीर ब्रेक लावतं आणि तो भार नडगीवर येतो.

आधी नडगीची आतली कड बोटाने दाबत जा. चार बोटांहून लांब पट्टा दुखत असेल तर बहुधा ताण आहे. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल किंवा झोपेतही ठणकत असेल, तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

ताणच असेल तर भरभर चालताना दुखेनासं होईपर्यंत फक्त चाला. मग आठवड्यातून तीनच दिवस, फुटाळ्यासारख्या सपाट जागी : ५ मिनिटं चालणं, त्यानंतर १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. दर आठवड्याला धावण्याचा टप्पा अर्ध्या मिनिटाने वाढवा. एक दिवसाआड पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली करा, १५ वेळा, तीन फेऱ्या.

आता वही. तुमच्या नोंदींतून किती धावलात ते कळतं, शरीराला ते झेपलं का हे कळत नाही. म्हणून अंथरुणातून उठण्याआधी मिनिटभर मोजलेले नाडीचे ठोके लिहा, झोपेचे तास लिहा, श्रमाला १ ते १० पैकी गुण द्या. दुखणं कुठे आणि केव्हा सुरू झालं हे तर नक्कीच लिहा : पहिल्या मिनिटाला, थांबल्यावर, की दुसऱ्या दिवशी सकाळी? ठोके सलग दोन दिवस नेहमीपेक्षा ८-१० ने जास्त असले तर धावू नका. तापमानही टिपा, नागपूरच्या मे महिन्यात पहाटेही हवा तापलेली असते आणि तोच वेग जड जातो. बुटांचे किलोमीटर मोजा, ५०० ते ८०० च्या दरम्यान ते बदलावे लागतात.

आणि तर्री-पोहे धावून आल्यावरच. आधी खाल्ले तर तेल-तिखटाने छातीत जळजळ होते. निघण्यापूर्वी अर्धं केळं पुरे.