कोडच्या किती ओळी बदलल्या, यावरून धोका कळत नाही

प्रश्न: पाचशे ओळींच्या वरच्या बदलाला आमच्याकडे दोन सीनियरची मंजुरी लागते. कॉन्फिग फाइल (प्रोग्रामने कसं वागायचं हे सांगणाऱ्या सेटिंगची फाइल) मात्र कुणीही थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू प्रणालीवर टाकतो. हे योग्य आहे का?

नाही. आधी त्या कॉन्फिगला आवर घाला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने पाठवलेली फाइल म्हणजे नवा प्रोग्राम नव्हता, निव्वळ नियमांची फाइल होती. नव्या नियमाला एकविसावी नोंद तपासायची होती आणि सेन्सरला, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसवलेल्या त्यांच्या सुरक्षा प्रोग्रामला, मिळत होत्या वीसच. नसलेली नोंद वाचायला गेलेला सेन्सर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात कोसळला आणि मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ९.३९ झाले होते. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तोवर सुमारे ८५ लाख मशीन बसल्या होत्या. भारतात विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले.

मशीन सुरूच होत नसेल तर दुरुस्ती तिच्यापर्यंत पोहोचणार कशी? असंख्य ठिकाणी माणसाला मशीनपुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसावी लागली. म्हणून कुठलाही बदल समोर आला की मी आधी दोनच गोष्टी विचारतो: एका वेळी किती ठिकाणी पोहोचणार, आणि मागे कसा घेणार? आधी शंभरातल्या एका मशीनवर सोडा, तासभर बघा, मग पुढे जा. कॉन्फिगलाही हाच नियम लावा.

प्रश्न: रोलबॅकचं (बदल मागे घेण्याचं) बटण आहे, मग एवढी काळजी कशाला?

कारण मागे गेल्यावर तिथे काय आहे, हे माहीत असावं लागतं. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला. जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) नव्या कामासाठी वापरला होता, त्यामुळे त्या आठव्यावर वर्षानुवर्षं पडून असलेला कोड जागा झाला. गोंधळात बाकीच्या सातांवरचा नवा कोड काढला आणि तिथेही तेच सुरू झालं. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून जास्त गेले. मेलेला कोड वेळच्या वेळी काढा, फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका.

प्रश्न: डेटाबेसमधल्या टेबलातल्या कॉलमचं नाव बदलायचंय. एका ओळीचं काम आहे ना?

ओळ एकच, पण नाव बदललं त्या क्षणी जुना कोड तुटतो. नवा कॉलम जोडा, काही दिवस दोन्हींत लिहा, जुना डेटा भरून घ्या, वाचन नव्यावर न्या. जुना कॉलम पुढच्या रिलीजला काढा, तोही बॅकअप खरोखर रिस्टोर करून पाहिल्यावरच.