आधी डॅक की आधी स्पीकर?

प्रश्न : उस्ताद अमीर खाँसाहेबांचे विलंबित ख्याल लॅपटॉपवर ऐकतो. स्पीकर दीड हजारांचे, दोन इंची आहेत. जेल रोडवरचा दुकानदार आठ हजारांचा यूएसबी डॅक घ्या म्हणतो. कानाला फरक कळेल का? शिवाय चार्जर लावला की स्पीकर घूं करतात.
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : हे आठ हजार स्पीकरवर घाला. फाइलमधल्या आकड्यांपासून विजेची लहर तयार करणं, एवढंच डॅकचं काम, आणि ते आजच्या बहुतेक लॅपटॉपमधली चिप नीट करते. सीडीच्या दर्जाला, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला, माणसाला ऐकू येणारे सगळे सूर मावतात. खाँसाहेब १९७४ साली गेले. त्या काळच्या टेपची सरसर चिपच्या गोंगाटापेक्षा पुष्कळ मोठी असते.

खरी गळती स्पीकरमध्ये आहे. षड्ज काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. दोन इंची स्पीकरमधून ६९ जवळजवळ निघतच नाही. जवारीची झणझण मात्र ऐकू येते, कारण ती वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या उंच सुरांत असते. म्हणून तंबोरा 'आहे' असं वाटतं, पण त्याचा भरणा नसतो. मंद्रातल्या आलापीचंही तेच होतं.

चार इंची वूफरची (खालचे सूर काढणाऱ्या स्पीकरची), आतच अॅम्प्लिफायर असलेली जोडी बघा. माहितीपत्रकात खालची मर्यादा ६०-७० हर्ट्झ आणि तिच्यापुढे 'उणे ३ डेसिबल', म्हणजे तिथे आवाज जरासाच उतरतो, असं लिहिलेलं हवं. नुसत्या '२० ते २०,०००'ला काही अर्थ नाही. पैसे कमी पडले तर कान झाकणारा वायरचा हेडफोन घ्या. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, खर्ज घुमतो. दोन्ही स्पीकर आणि डोकं यांचा मीटरभर बाजूचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर ठेवा. उघड्या फरशीवर सतरंजी घाला.

गाणं बंद असतानाही हेडफोनमध्ये खरखर येत असेल, किंवा हेडफोन २५०-३०० ओहमचा, म्हणजे जास्त व्होल्टेज मागणारा असेल, तर डॅकचा उपयोग आहे. तरी दुकानदाराकडून दोन दिवस मागून आणा. १०० हर्ट्झचा सूर लावून लॅपटॉप आणि डॅक या दोन्हींचं आउटपुट मल्टिमीटरवर एसी व्होल्टमध्ये १ टक्क्याच्या आत जुळवा. जरा मोठा आवाज नेहमीच 'चांगला' वाटतो. मग घरच्या कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा. दहापैकी नऊ वेळा ओळखलंत तर जरूर घ्या. पाच-सहा म्हणजे निव्वळ अंदाज.

घूं आवाजासाठी आधी लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. थांबला तर दोष बहुधा अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे चार्जर आणि स्पीकर यांच्या अर्थिंगमधून वायरवाटे फिरणाऱ्या विजेचा. यूएसबीच्या वायरमधूनही तो फेरा पूर्ण होतो, त्यामुळे डॅकने तो जाईलच असं नाही. चार्जर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. तरीही राहिला तर ३.५ मिमीच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हा फेरा तोडणारी छोटी डबी) टाका. अगदी स्वस्तातला मात्र खर्ज थोडा खातो. अर्थिंगची पिन काढून टाकू नका, बिघाड झाला तर शॉक बसेल.