टँकमध्ये पोहता येते, मग तलावात दम का कोंडला?

मागच्या पावसाळ्यात 41 वर्षांच्या एक शिक्षिका माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. खुर्चीत बसताच त्यांनी पर्समधून घडी घातलेली केशरी टोपी काढून टेबलावर ठेवली. पोहताना घालायच्या त्या टोपीवर स्पर्धक क्रमांक छापलेला होता. "मॅडम, ही टोपी दिसू नये म्हणून कपाट उघडायचं टाळते, आणि टाकून द्यायला गेले तर टाकवतही नाही," एवढे बोलून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांचा अनुभव मी त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे, कारण आमच्या कोल्हापूर भागात ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायच्या स्पर्धेची, हौस वाढत चालली तशी हीच चिंता घेऊन येणारी माणसेही वाढली आहेत.

त्या अडतिसाव्या वर्षी पोहायला शिकल्या होत्या आणि 25 मीटरच्या टँकमध्ये न थांबता एक किलोमीटर पोहत होत्या. स्पर्धा छोट्या अंतराची होती, म्हणजे 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणे. तलावात भोंगा वाजला, सगळे एकदम निघाले, कुणाचा तरी कोपर गॉगलवर बसला, आणि पाण्यात पाहिले तर गढूळ हिरव्या रंगाखेरीज काही दिसेना, स्वतःचा हातसुद्धा नाही. पहिल्या बोयापर्यंत, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपर्यंत, पोहोचण्याआधीच छाती आवळल्यासारखी झाली, श्वास पुरेना आणि त्यांनी हात वर केला. जीवरक्षकांनी त्यांना बोटीत घेतले.

एवढेच झाले असते तर त्या माझ्याकडे आल्या नसत्या. बोटीत बसल्यावर दहा मिनिटांत त्यांचा श्वास पूर्ववत झाला, आणि तीच गोष्ट त्यांना खात होती. "दहा मिनिटांत सगळं ठीक झालं, म्हणजे मला काही झालंच नव्हतं ना? मग मी हात का वर केला? मी भित्रीच आहे का?" घरी त्यांनी पायात गोळा आला असे सांगितले होते, आणि त्या दिवसापासून टँककडे जाणे बंद केले होते.

मी आधी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले, कारण ट्रायथलॉनमध्ये होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात आणि छाती आवळण्याचे कारण केवळ मनात आहे असे तपासणीविना गृहीत धरणे मला कधीच मान्य नाही. तपासणीत हृदय निर्दोष निघाले, तेव्हाच आम्ही भीतीविषयी बोलायला सुरुवात केली.

त्यांना मी एकच साधी गोष्ट करायला सांगितली: पहिल्या बोयाकडे जाताना जसा श्वास घेतला तसा इथे बसून घेऊन दाखवा. त्यांनी तोंडाने भराभर दोन श्वास आत घेतले, तिसरा घेतला आणि मध्येच थांबल्या. श्वास बाहेर सोडलाच नव्हता. थंड पाणी अंगाला लागताच दचकून श्वास आत ओढला जातो, ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. त्यात गर्दी, गढूळ पाणी आणि टँकच्या तळाशी असते तशी रेघ नसणे यांची भर पडली की माणूस श्वास आतच धरून ठेवतो. हवा पुरत नाही असे वाटू लागते, प्रत्यक्षात जुनी हवा बाहेर न गेल्याने नव्या हवेला जागा उरलेली नसते. धोक्याची घंटा खरी वाजली होती, त्यामुळे हात वर करणे हा त्या क्षणी घेतलेला योग्य निर्णय होता, आणि हे त्यांना मी तीन बैठकांत निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगितले. दहा मिनिटांत बरे वाटणे हे काही झालेच नव्हते याचा पुरावा नाही. घबराटीची लाट चढते तशी उतरतेही.

पुढचे काम मात्र बोलून होण्यासारखे नव्हते. घरी परातीत पाणी घेऊन त्यात तोंड बुडवायचे आणि बुडबुडे काढत श्वास संपेपर्यंत सोडायचा, शेजारी मुलगी आकडे मोजणार. त्या निमित्ताने मुलीला गोळ्याची खरी हकीकत सांगावी लागली, आणि माझ्या मते त्या दिवशी निम्मे ओझे उतरले. मग टँकमध्ये मुद्दाम तिघी-चौघींनी एकाच लेनमध्ये खेटून पोहणे, मध्येच उताणे होऊन तरंगणे. मग राजाराम तलावात, सोबत असल्याशिवाय नाही, आधी काठाजवळ आणि नंतर आत. प्रत्येक वेळी भीती शून्य ते दहा या मापात वहीत लिहायची. भीती शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट मी ठेवलेच नाही. सात असतानाही श्वास सोडता येतो का, एवढेच पाहायचे होते.

नियमांचीही मदत झाली. बहुतेक स्पर्धांत पुढे न सरकता कयाक (वल्ह्याची छोटी होडी) किंवा बोया धरून थांबता येते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. धरले की बाद, या समजुतीनेच त्यांची निम्मी घबराट वाढवली होती.

हिवाळ्यातल्या स्पर्धेत त्या सर्वांत मागे, कडेला उभ्या राहिल्या आणि भोंग्याआधी तोंडावर पाणी मारून घेतले. संध्याकाळी त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला: "पहिला बोया सहा. दुसरा बोया आठ, कयाक धरली, वीस श्वास मोजून सोडले. तिसरा बोया पाच. सायकलवर बसल्यावर भीती लिहायची विसरले."

आता त्यांना गोव्याच्या समुद्रात पोहायचे आहे. लाटांमध्ये बुडबुडे कसे काढायचे, हे विचारायला त्या पुढच्या मंगळवारी येणार आहेत, आणि ते पोहण्याच्या प्रशिक्षकांना विचारा असे मी आधीच कळवले आहे.