आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावर पहिल्यांदा चढलेले लोक काय घालून गेले? चामडी चड्डी आणि पिसाची टोपी?

नाही. चामडी चड्डी जर्मनीतल्या बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातल्या टिरोलकडची. उगाच ती स्वित्झर्लंडच्या गळ्यात मारली जाते. स्विस गुराख्यांचा ओळखीचा कपडा म्हणजे एडलवाइस फुलांच्या नक्षीचा निळा सुती सदरा, पण तो काही शिखरावर चढायचा पोशाख नव्हे.

१४ जुलै १८६५ ला इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर आणि पायथ्याच्या झरमॅट गावचे टाउगवाल्डर बापलेक धरून सात जण ४४७८ मीटरच्या माथ्यावर पोहोचले. उतरताना दोर तुटून चौघे गेले. त्या काळी अंगात असायचा जाड लोकरी कोट आणि पायात लोखंडी खिळे ठोकलेले चामडी बूट. लोकर भिजली तरी ऊब धरते, आपल्या घोंगडीसारखीच. खिळ्यांची पकड चांगली, पण ते थंडी थेट तळपायापर्यंत नेत. १९३५ मध्ये सहा गिर्यारोहक दगावल्यावर इटलीच्या व्हिताले ब्रामानीने रबरी तळवा काढला, तोच व्हिब्रम.

मला खरं कौतुक लूसी वॉकरचं. १८७१ मध्ये मॅटरहॉर्न चढणारी ती पहिली स्त्री, आणि तीही घोळदार झग्यात!